आधी वाचा, मग बोट लावा

(साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या दिवशी केलेले भाषण)



तुमचा वर्ग आज पुरा झाला. तुम्हाला मुळाक्षरे आली, जोडाक्षरे आली. हजारापर्यंतचे आकडे वाचता येऊ लागले. सही करता येऊ लागली. आता तुमच्यातले काहीजण विचारतात, "गुरुजी, वाचायला आलं खरं. पण या वयात आम्ही वाचायचं काय?"

पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा, असे सगळेच सांगतात. ते वाचाच. पण मी आज निराळी गोष्ट सांगणार आहे. तुमच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत एक लहानशी पाटी आहे. तिच्यावर रोज अक्षरे उमटतात, आकडे उमटतात. ती पाटी म्हणजे तुमचा मोबाईल फोन. त्या पाटीवरची अक्षरे आधी वाचायला लागा. कारण आता तुमच्या घामाचा पैसा त्या पाटीवरून ये-जा करतो.

अंगठ्याची जुनी गोष्ट

आधी थोडी जुनी हकिगत ऐका. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भागातला शेतकरी कर्जात बुडालेला होता. सावकार कागद लिही आणि शेतकरी त्याच्यावर निशाणी करी. कागदात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. घेतले किती, लिहिले किती, व्याज किती, सारे सावकाराच्या तोंडी. पुढे जमीन जाण्याची वेळ आली म्हणजे कळायचे, की आपण कशाला 'हो' म्हटले होते!

शेवटी लोक चिडले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा झाला. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे कागद ओढून काढले आणि जाळले. हे लोण पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जरोखा नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढेच व्हावा, असे ठरले.

ही गोष्ट मी आज का सांगतो? तो कागद जाळून टाकता आला, पण फोनवर दाबलेले बटण जाळता येत नाही. सावकार निदान समोर तरी बसलेला असायचा. आताचा चोर कुठल्या मुलखात बसला आहे, ते तुम्हाला दिसतही नाही. न वाचता अंगठा उठवणे तेव्हा जितके महाग पडे, तितकेच न वाचता फोनवर बोट लावणे आज महाग पडते. फरक एवढाच, की त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते आणि तुम्हाला येते.

फोनवरून पैसे जातात कसे?

पुष्कळांना वाटते, पैसे फोनात असतात. तसे नाही. पैसे बँकेतच असतात. फोन हा फक्त निरोप्या आहे. तुम्ही किराणा घेतला, दुकानदाराला १२० रुपये द्यायचे आहेत. तुमचा फोन बँकेला निरोप देतो, "माझ्या खात्यातले १२० रुपये ह्या दुकानदाराच्या खात्यात टाका." बँक विचारते, "हा निरोप खरोखर तुमचाच ना?" मग तुम्ही गुप्त आकडा दाबता. बँकेची खात्री पटते आणि पैसे जातात.

ह्या गुप्त आकड्याला पिन म्हणतात. तो चार किंवा सहा अंकी असतो. कागदावर जशी सही, तसा फोनवर पिन.

निरोपाच्या ह्या वाटेला 'यूपीआय' असे नाव आहे. ती आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली. भीम, फोनपे, गूगलपे ही सारी अ‍ॅपे ह्याच वाटेवरून चालतात. भीम अ‍ॅपला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिलेले आहे, हेही ध्यानात ठेवा.

दुकानात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन लावलेला असतो. तो मूळचा जपानचा. १९९४ साली तिथल्या एका कंपनीने मोटारीच्या कारखान्यातले सुटे भाग ओळखण्यासाठी तो काढला. त्या ठिपक्यांत अक्षरे आणि आकडे साठवलेले असतात. आपल्या दुकानातल्या चौकोनात दुकानदाराचा पत्ता असतो. टपालाचा नव्हे, पैशाचा पत्ता! फोनने तो चौकोन टिपला, की फोनला कळते पैसे कुणाकडे न्यायचे.

दानपेटीची किल्ली

आता आजची मुख्य गोष्ट. ती एकाच ओळीची आहे. पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही.

देवळातली दानपेटी आठवा. पेटीत पैसे टाकायला किल्ली लागते का? नाही. वर फट असते, तिच्यातून कुणीही पैसा टाकावा. किल्ली लागते ती पैसे बाहेर काढायला. तुमचे खाते ही दानपेटी आहे आणि पिन ही तिची किल्ली. कुणी म्हणाला, "मला तुमच्या पेटीत पैसे टाकायचे आहेत, जरा किल्ली फिरवा," तर त्याला काय म्हणाल? चोरच म्हणाल ना?

पण फोनवर हीच गोष्ट चटकन उमगत नाही. समजा, तुम्हाला म्हैस विकायची आहे. मुलाने म्हशीचा फोटो फोनवर टाकला आणि किंमत ८० हजार लिहिली. थोड्या वेळाने फोन येतो.

"राम राम दादा. म्हैस पसंत आहे. मी फौजेत असतो, मला यायला सवड नाही. पाच हजार इसार आत्ता पाठवतो."

तुम्ही खूश! माणूस घासाघीस करीत नाही, वर फौजेतला आहे. तो म्हणतो, "आधी एक रुपया पाठवून खात्री करू. मी चौकोन पाठवतो. तो टिपा आणि पिन टाका." तुम्ही तसे करता. एक रुपया जातो, पण लगेच तो दोन रुपये परत पाठवतो. तुमचा विश्वास बसतो. मग तो दुसरा चौकोन पाठवतो. "आता हा टिपा, पाच हजार येतील. पिन टाका, लवकर करा, मला ड्यूटीवर जायचंय." तुम्ही टाकता, आणि पाच हजार येण्याऐवजी तुमच्याच खात्यातून जातात!

फौजेतल्या खऱ्या जवानाचे नाव असे चोर वापरतात, कारण त्या नावावर आपला विश्वास असतो.

आता विचार करा, ह्या साऱ्यात चोराने तुमच्या घरी येऊन काही उचलले का? नाही. पिन तुम्हीच दाबलात. पडद्यावर काय लिहिले होते? 'पैसे द्या, पाच हजार रुपये.' ओळ समोर होती, वाचायची राहिली.

पूर्वी यूपीआयवर एक माणूस दुसऱ्या माणसाला पैशाची मागणी पाठवू शकत असे. त्या सोयीचा चोरांनी फार गैरवापर केला. म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली ती मागणी बंद करण्यात आली. बरे झाले. पण एक दार बंद झाले की चोर खिडकी शोधतो. तुमचा नियम मात्र बदलायचा नाही. घेणाऱ्याने काही टिपायचे नाही, काही दाबायचे नाही. पैसे आपोआप येतात.

एक नवी गोष्ट सांगून ठेवतो. २०२५ सालापासून काही फोनवर पिनऐवजी बोट टेकवून किंवा चेहरा दाखवूनही पैसे देता येऊ लागले आहेत. बघा मंडळी, अंगठा फिरून परत आला! म्हणून नियम पुरा लिहून घ्या. पैसे घेताना पिन नाही, बोट नाही, चेहराही नाही.

पडद्यावर वाचायचे तीन शब्द

पडद्यावर पुष्कळ मजकूर असतो. सगळा वाचायला वेळ लागेल. पण तीन गोष्टी वाचल्यावाचून बोट लावू नका.

पहिली गोष्ट, नाव. चौकोन टिपला, की ज्याला पैसे जाणार त्याचे नाव पडद्यावर येते. ते मोठ्याने वाचा. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि खात्यावर दुसरे, असे होऊ शकते. तेव्हा सरळ विचारा, "शेठ, अमक्या नावावर जाताहेत, बरोबर ना?" काही ठिकाणी लबाड माणसे दुकानदाराच्या चौकोनावर आपला चौकोन चिकटवून जातात. तुम्ही नाव वाचलेत, तर तुमचेही पैसे वाचतील आणि दुकानदाराचेही.

दुसरी गोष्ट, रक्कम. १०० आणि १००० ह्यांत एका शून्याचा फरक. मारुतीच्या शेपटीसारखी शून्ये वाढत गेलेली दिसली, तर थांबा. बोटाने एकेक आकडा मोजा. मागे गिऱ्हाईक खोळंबले असेल तर खोळंबू द्या.

तिसरी गोष्ट, नावे की जमा. पासबुकात दोन रकाने असतात. 'नावे' म्हणजे खात्यातून गेले, 'जमा' म्हणजे खात्यात आले. फोनवर बँकेचा संदेश येतो, त्यात हेच शब्द इंग्रजी बोलीत असतात. 'डेबिट' म्हणजे नावे. 'क्रेडिट' म्हणजे जमा. हे दोन शब्द भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा, पण पाठ करा.

आणि हो, ही अ‍ॅपे मराठीतही चालतात. भीम अ‍ॅपमध्ये भाषा बदलून मराठी करता येते. नातवाला सांगा, "आधी भाषा मराठी करून दे, मग तुझा खेळ." आपल्या भाषेत लिहिलेले वाचायला कुणाचे तोंड बघावे लागत नाही.

देवघेवीच्या आणखी काही गोष्टी

भाजी, दूध, अंडी विकणाऱ्या बायांना माझे सांगणे आहे. गिऱ्हाईक आपला फोन दाखवून म्हणेल, "हे बघा मावशी, पैसे गेले." त्याच्या फोनवर बघून माल देऊ नका. खोटा पडदा दाखवणारी लबाड अ‍ॅपेही निघाली आहेत. आपल्या फोनवर बघा. बोलका डबा असेल तर त्याची हाक ऐका. पैसे जमा झाले, मगच पिशवी हातात द्या. ह्यात गिऱ्हाइकाचा अपमान नाही. नोट मोजून घेतो तसेच हे.

कधी अनोळखी माणसाचा फोन येतो, "चुकून तुमच्या खात्यात पाच हजार टाकले. दवाखान्याचे पैसे होते हो, परत पाठवा." सोबत एक संदेशही येतो, पाच हजार जमा. तो संदेश त्यानेच पाठवलेला असतो! आपल्या खात्याची शिल्लक स्वतः बघा. पैसे आलेच नसतील तर परत काय पाठवणार? आणि खरोखरच आले असतील, तर बँकेत जाऊन सांगा. बँक बघून घेईल.

गावात बँकमित्र यंत्र घेऊन बसतो. तिथे अंगठा टेकवून रोख पैसे काढता येतात. सोय चांगली आहे. पण तिथेही अंगठा म्हणजे सही. अंगठा टेकवण्याआधी यंत्रावरची रक्कम वाचा. पैसे मोजून घ्या, पावती मागून घ्या. "अंगठा लागला नाही, परत लावा," असे तो म्हणाला तर आधी फोनवरचा संदेश बघा किंवा पावती मागा. पहिल्यांदाच पैसे निघाले असतील तर दुसऱ्यांदा कशाला निघू द्यायचे? पासबुक महिन्यातून एकदा तरी भरून आणा आणि 'नावे'चा रकाना वाचा.

चोराची बोली ओळखा

चोर दहा प्रकारे येतो, पण त्याच्या झोळीत तीनच हत्यारे असतात. लोभ, भीती आणि घाई.

लोभ असा. "तुम्हाला बक्षीस लागलं आहे. योजनेचा हप्ता अडकला आहे. ही फाईल उघडा." लग्नपत्रिकेच्या नावानेही फाईल येते. ती उघडली, की फोनात चोर शिरतो आणि तुमचे संदेश वाचू लागतो. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरे असतील, तर तिला हात लावू नका. ती अक्षरे कशी दिसतात ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून कागदावर काढून घ्या. पत्रिका देणारा पाहुणा असेल तर तो फोन करील, घरी येईल.

भीती अशी. "मी पोलीस बोलतोय. तुमच्या नावावर गुन्हा आहे. तुम्हाला फोनवरच अटक केली आहे. कुणाला सांगू नका." मंडळी, फोनवरची अटक कायद्यात कुठेच नाही. अशा वेळी फोन ठेवा आणि पहिल्यांदा घरच्यांना सांगा. 'कुणाला सांगू नका' म्हणणारा चोरच असतो.

आणि घाई. "दहा मिनिटांत खातं बंद होईल. आत्ताच आलेला आकडा सांगा." फोनवर येणारा तो एकवेळचा आकडा, ओटीपी, हाही किल्लीच आहे. बँक तो विचारीत नाही. बँकेचा फोन नंबर पाहिजे असेल तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला वापरा. इंटरनेटवर शोधू नका. तिथे चोरांनी आपले नंबर बँकेच्या नावाने टाकून ठेवलेले असतात. आणि "हे अ‍ॅप घ्या, तुमचा पडदा मला दिसू द्या," असे कुणी म्हटले, तर तिथेच बोलणे थांबवा.

घात झालाच तर

इतके करूनही कधी फसगत झाली, तर लाज धरून बसू नका. शिकलेले साहेबलोकही फसतात. चोरी झाली की आपण आरडाओरडा करतो. इथेही करायचा, पण योग्य ठिकाणी.

१९३० हा आकडा पाठ करा. एकोणीसशे तीस. फोनवरच्या पैशाच्या फसवणुकीची तक्रार ह्या नंबरावर घेतात. लगेच फोन करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतो. पैसे वाटेत असतानाच बातमी पोहोचली, तर ते खाते गोठवता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघू म्हणालात, तर वरातीमागून घोडे!

तक्रार करताना किती पैसे गेले, किती वाजता गेले, कुठल्या बँकेचे खाते, हे सांगावे लागेल. शिवाय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक लागेल. तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारापाशी लिहिलेला असतो. तो तुम्हाला वाचून दाखवता आला पाहिजे.

त्याच दिवशी बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना नियम घालून दिले. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकावर पडू नये. पण ग्राहकाने स्वतःच पिन सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचाच. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेच्या माथी. म्हणून देताना सावकाश आणि कळवताना घाई. लोक नेमके उलटे करतात.

आज घरी गेल्यावर

शेवटी घरचा अभ्यास देतो. मास्तर आहे, अभ्यासाशिवाय सोडणार नाही!

एक. फोनच्या मागे, पाकिटात किंवा पासबुकावर पिन लिहून ठेवला असेल तर आजच बदला. जन्मसाल, १२३४ असले आकडे ठेवू नका.

दोन. दुकानातल्या पोराला, शेजाऱ्याला फोन देऊन "जरा पिन दाबून दे रे, माझा अमुक अमुक आहे," असे आजपासून म्हणायचे नाही. तुम्हाला आकडे येत नव्हते तेव्हा नाइलाज होता. आता तो नाइलाज संपला. मालक तुम्ही, तर किल्ली दुसऱ्याच्या हाती का?

तीन. रोजच्या खर्चाचे खाते वेगळे ठेवा आणि त्यात थोडेच पैसे ठेवा. पीक विकून आलेले, लेकीच्या लग्नाचे, म्हातारपणाचे पैसे दुसऱ्या खात्यात ठेवा. ते खाते फोनला जोडू नका.

चार. १९३० हा आकडा चुलीजवळच्या भिंतीवर लिहा. घरातल्या बायांना, म्हाताऱ्यांना वाचून दाखवा.

आणि उद्या दुकानात गेलात, की नाव आणि रक्कम मोठ्याने वाचा. अडखळलात तरी वाचा. मागचे लोक हसले तरी वाचा. सुप्याच्या बाजारात ज्यांनी कागद जाळले, त्यांना कागदावर काय लिहिले आहे ते कधीच कळू दिलेले नव्हते. तुम्हाला कोण अडवणार आहे? तुम्ही रात्र-रात्र कंदिलासारखे डोळे ताणून अक्षर गिरवलेत. त्या अक्षराचे पहिले मोल तुमच्या स्वतःच्या पैशाच्या राखणीत वसूल होऊ द्या.

आधी वाचा, मग बोट लावा. एवढे बोलून मी तुमची रजा घेतो.